दाणा, वैरण, पाणी : मराठी युद्धकथनातले कोठीचे पान

दसरा झाला की लष्कर बाहेर पडायचे आणि वैशाखात परत यायचे. मराठ्यांच्या युद्धवर्षाचे हे दोन टोक शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. या दोन टोकांच्या मध्ये घोड्याला चंदी कोणी दिली, पखालीत पाणी कोणी भरले, पावसाळ्याचे चार महिने पागेची वैरण कोठे रचली, हे मात्र ठाऊक नसते. ही माहिती उपलब्ध नाही असे मुळीच नाही. जुन्या मराठी गद्यातली काही उत्तम पाने नेमकी याच विषयावर आहेत. तरीही युद्धाबद्दलच्या आपल्या वाङ्मयीन चर्चेत रसदखाते जवळजवळ येतच नाही. बखरीची चर्चा शैलीवर होते, ऐतिहासिक कादंबरीची चर्चा नायकाच्या मनावर होते आणि पत्रांकडे ‘साधन’ म्हणून पाहिले जाते. या लेखात काही मजकूर कोठीच्या बाजूने वाचून पाहायचे आहेत आणि शेवटी ती दृष्टी घेऊन पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याच्या उंचवट्यावर जायचे आहे. १ जानेवारी १८१८ची सकाळ तिथे उगवली, आणि त्या दिवसाबद्दल आपण दोनशे वर्षे बोलत असूनही त्याची एक बाजू अजून नीट वाचलेली नाही.

१. सभासदाचे वर्ष

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीत लिहिली. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक या प्रसंगांसाठी ती वाचली जाते. तिच्यातला लष्कराच्या बंदोबस्ताचा भाग मात्र बहुतेक वाचक भरभर उलटतात. वास्तविक पाहता एका लष्करी खात्याचे पूर्ण वर्ष मराठीत इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा जुना उतारा सहज सापडणार नाही.

त्याचा क्रम असा. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे. त्याच्यासाठी दाणा, रतीब, औषधे आधीच तयार असावीत आणि लोकांची घरे गवताने शाकारून ठेवावीत. दसरा होताच कूच. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळ काय चीजवस्तू आहे याची नोंद करावी. आठ महिने लष्कराने परमुलखात पोट भरावे. तिथेही कोणाला धरायचे नाही, काय आणायचे नाही याचे नियम आहेत : गाय धरायची नाही, बैल घ्यायचा तो फक्त ओझ्यासाठी. वैशाखात परतताना सरहद्दीवर झाडा घ्यायचा, जाताना केलेला कागद ताडून पाहायचा आणि जास्त निघेल ते त्याच्या हक्कात धरायचे.

हा उतारा पराक्रमाच्या ओघात मध्येच घुसलेली माहिती म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यात एक पक्की रचना आहे. वर्षाची सुरुवात साठ्याने होते आणि शेवट हिशेबाने. मधले आठ महिने, म्हणजे बखरकारांच्या आवडीचा सगळा काळ, दोन वाक्यांत संपतो. सभासदाचा राजा इथे तलवार उपसत नाही. तो घरे शाकारून ठेवायला सांगतो आणि नाक्यावर झडती घेतो. क्रियापदेही पाहावीत : यावे, ठेवावे, घ्यावे, धरावे. हे विध्यर्थी गद्य कारकुनाचे आहे, आणि त्याचा कस भावना चेतवण्यात नसून संदिग्धता टाळण्यात आहे.

याच भागात आणखी एक तपशील येतो. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. दोन्ही माणसे लढणारी नव्हेत, पण त्यांच्यावाचून पंचवीस घोडी दोन दिवस चालायची नाहीत. पाण्याची गरज या व्यवस्थेने मोजून ठेवली होती. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

२. हलवर्णची छावणी

सभासदाने सांगितला तो नियम झाला. नियम मोडू लागला की काय होते, ते चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या पत्रात दिसते. हे पत्र साधारणपणे १६७३च्या उन्हाळ्यातले मानले जाते. रयतेच्या गवताच्या काडीची काळजी घेणारा राजा, अशा अर्थाने ते आज सर्वत्र सांगितले जाते. तो अर्थ बरोबरच आहे. पण पत्राचा पाया दयेचा नाही, हिशेबाचा आहे, आणि ते नीट पाहिले तर त्यातली दया अधिक खोल वाटू लागते.

पत्राचा युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो. पागेसाठी दाणा आणि वैरण मोठ्या कष्टाने जमा केली आहे. आज हाती आहे म्हणून वाटेल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात ती संपेल. मग घोडी उपाशी मरू लागतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडे, कोणी भाजी. मग जीव धरून राहिलेले कुणबीही गाव सोडतील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल.

ही साखळी कोठीपासून सुरू होते आणि राज्याच्या नैतिक अधिकारापाशी येऊन थांबते. मधली एकही कडी गाळलेली नाही. रयतेवरचा जुलूम दुष्ट शिपायामुळेच होतो असे हे पत्र मानत नाही. जून महिन्यात दाण्याचे माप चुकले तर भाद्रपदात चांगला शिपाईही लुटारू होतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून उपदेश करण्याआधी ते मापाबद्दल बोलते.

पत्राचा उत्तरार्ध आगीविषयी आहे. कोणी चुली पेटवील, कोणी वाऱ्याची दिशा न पाहता चिलीम ओढायला विस्तव आणील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि एका खणाची आग सगळ्या गवताच्या गंजींना लागेल. एवढ्या मोठ्या राजकीय पत्रात उंदीर येतो, याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. पण तो चमत्कृतीसाठी आलेला नाही. गवताचे कोठार ज्याने सांभाळले आहे त्याला उंदीर माहीत असतो. तपशील सुंदर आहे म्हणून खरा वाटत नाही. धोका खरा आहे म्हणून तपशील नेमका झाला आहे. मराठी गद्याच्या इतिहासात या पत्राला जी जागा द्यायची, ती याच गुणासाठी द्यावी.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ याच परंपरेतले आहे. किल्ल्याची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, झऱ्याच्या भरवशावर राहू नये, कारण तोफांच्या धमाक्याने झरे आटतात, म्हणून टाकी बांधून पाणी जतन करावे, हा त्यातला विचार. पाणी जवळ असणे आणि लढाईच्या वेळी पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमात्यांनी ओळखले होते.

३. पानिपत : हिशेबाची कथा होते तेव्हा

अठराव्या शतकात मोहिमांचे अंतर वाढले. दसऱ्याला निघून वैशाखात परतण्याचे वेळापत्रक दिल्लीपलीकडच्या लढायांना पुरेना. पोट परमुलखात भरायचे हे तत्त्व राहिले, पण परमुलूख आता स्वतःच्याच मामलेदारांचा होता आणि रसदेचा भार त्यांच्या वसुलीवर पडला. लष्कराबरोबर बुणगे आणि यात्रेकरू वाढले, खाणारी तोंडे लढणाऱ्या हातांपेक्षा जास्त झाली.

१७६०च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर भाऊसाहेबांच्या हाती धान्याचा मोठा साठा लागला. त्यानंतर आठवडाभरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दोन्ही फौजा पानिपतच्या मैदानात एकमेकींची वाट अडवून बसल्या. पुढचे अडीच महिने हे मुख्यतः रसदखात्याचे युद्ध होते. अब्दालीची रसद मारण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दिल्लीहून नाणे घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून शत्रूच्याच छावणीत शिरली. कहीला, म्हणजे वैरणकाडी आणायला, बाहेर पडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे झाले. १३ जानेवारीला उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे लोक म्हणू लागले आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुमारास लढाई झाली.

हा काळ दोन प्रकारच्या मराठी मजकुरांत नोंदला आहे. एक पत्रे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो याच काळातल्या पत्रांचा. त्यांत भाऊसाहेब गोविंदपंतांकडे पुन्हा पुन्हा पैसा, धान्य, नावा मागतात. मागणीतली घाई पत्रागणिक वाढते, तरी सूर कामाचाच राहतो. दुसरा प्रकार बखरींचा. ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि रघुनाथ यादवाची ‘पानिपतची बखर’ यांत तीच उपासमार येते, पण तिचे रूप बदलते. भारती युद्धाच्या उपमा, होणारे चुकत नाही हा भाव, रणाची वर्णने यांत ती विरघळते. पत्रात भूक ही अजून टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. बखरीत ती प्रारब्ध झाली आहे.

बखरकाराला यासाठी दोष देता येणार नाही. पराभवानंतर घरोघरी बांगड्या फुटलेल्या समाजाला सांत्वन हवे होते आणि प्रारब्धाने ते दिले. पण पुढच्या मराठी कथनाने पत्रांपेक्षा बखरींचा वारसा अधिक आपलासा केला, हे टीकेने सांगायला हवे. राजवाड्यांनी पत्रे छापली खरी, पण प्रस्तावनेत गोविंदपंतांवर कडक ठपका ठेवून रसदेचा प्रश्न पुन्हा एका व्यक्तीच्या दोषाचा केला. मग वाद व्यक्तीवरच झाला. एका मामलेदाराच्या वसुलीवर एवढ्या लष्कराचे पोट अवलंबून का ठेवले, हा व्यवस्थेचा प्रश्न मागे पडला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि पुढे मराठीत पानिपतवर लिहिताना भूगोल, मार्ग आणि राजकारण यांना महत्त्व दिले, त्यामुळे चर्चेला जमीन मिळाली. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ साली छावणीतली भूक लाखो वाचकांपर्यंत पोचवली, आणि त्या कादंबरीच्या लोकप्रियतेत या भुकेचा वाटा नाकारता येणार नाही. तरीही कादंबरीच्या बांधणीत भूक शोकांतिकेचे वातावरण गडद करते. हलवर्णच्या पत्रात ती कारणांच्या साखळीची पहिली कडी असते. हा फरक लहान नाही. वातावरण पाहून आपण हळहळतो. कारण समजले तर आपण प्रश्न विचारतो.

४. शिरूरहून निघालेली पलटण

आता तळेगाव ढमढेरे. वेळ नदीकाठचे, ढमढेरे सरदारांचे हे गाव पुणे-शिरूर वाटेजवळ आहे. वसईच्या तहानंतर कंपनीची पुण्यासाठीची तैनाती फौज शिरूरला, घोडनदीच्या काठी राहू लागली आणि या कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या मुलखात एक कायमचे लष्करी पोट येऊन बसले.

कंपनीच्या रसदव्यवस्थेचे वर्णन अनेकदा ‘शिस्तबद्ध’ या एका शब्दात होते. तिचा कणा मात्र इथलाच होता. १८०३ साली आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला तेव्हाच्या त्याच्या पत्रव्यवहारात शत्रूइतकीच जागा बैलांनी व्यापली आहे. ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला पडताच त्याने तिथे साठ्याचे ठाणे केले. धान्य वाहून आणणारे लोक तेच होते, जे मोगलांच्या आणि मराठ्यांच्या लष्करांना धान्य पुरवत आले होते : वंजारी, लमाण, त्यांचे तांडे आणि हजारो बैल. लढणाऱ्या दोन्ही बाजूंचे पोट एकाच प्रकारचे लोक भरत होते. फरक पडला तो रोख पैशात आणि हिशेबाच्या सातत्यात. तांडा तिथेच जातो जिथे धान्याला दाम मिळतो आणि बैल कोणी ओढून नेत नाही. गाय धरू नये, बैल ओझ्यापुरता घ्यावा, या सभासदी नियमातली दूरदृष्टी अशा वेळी कळते.

३१ डिसेंबर १८१७. पुण्यावर दुसऱ्या बाजीरावाची फौज येत आहे असे वाटून कर्नल बरने शिरूरहून मदत मागवली. रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन निघाला. बरोबर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे ५०० माणसे, अडीचशे-तीनशे स्वार, मद्रास तोफखान्याचे २४ गोलंदाज आणि दोन तोफा. सगळे मिळून ८३४च्या आसपास. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही माणसे तळेगाव ढमढेऱ्याच्या उंचवट्यावर आली, तेव्हा समोर भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली. इंग्रजी वृत्तांत तिची संख्या २०,००० स्वार आणि ८,००० पायदळ देतात.

यानंतरची हकीगत प्रसिद्ध आहे. स्टाँटनने कोरेगाव गाठले, पेशव्यांकडचे अरब, गोसावी आणि पायदळ गावात घुसले आणि दिवसभर गल्लीबोळांत झुंज चालली. या हकीगतीची मराठीतली चर्चा सहसा तीन गोष्टींभोवती फिरते : दोन्ही बाजूंची संख्या, जय कोणाचा, आणि लढणाऱ्यांची जात. तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तिसरा तर विशेषच, कारण कोरेगावच्या स्तंभावरच्या ४९ मृतांच्या नावांत २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले तेव्हापासून तो दगड एका समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान झाला आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांची नावे कोरलेली दिसणे, याचे मोल लढाईच्या निकालावर अवलंबून नाही.

पण चौथा प्रश्न राहतो : त्या दिवशी या माणसांनी काय खाल्ले, काय प्याले? उत्तर वृत्तांतांतच आहे. रात्रभराच्या चालीनंतर त्यांना अन्न मिळाले नाही. पेशव्यांच्या लोकांनी नदीकडची बाजू धरल्याने पाणीही तुटले. समोर भीमा वाहत होती आणि तिच्यापर्यंत जाता येत नव्हते. तहानेने आणि थकव्याने गोलंदाजांपैकी काहींनी शरण जाण्याची गोष्ट काढली. अंधार पडून हल्ल्याचा जोर कमी झाल्यावर पाणी मिळाले. मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे गेली. पुढच्या रात्री स्टाँटन जखमींना घेऊन निघाला आणि ३ जानेवारीच्या सकाळी शिरूरला परतला. ३१ डिसेंबरपासून तोवर शिपायांच्या पोटात जवळजवळ काही नव्हते.

कोठीच्या बाजूने वाचले की या दिवसाचे वजन बदलते. शिरूरमधली भरलेली कोठारे त्या दिवशी कुचकामाची होती. शिस्तबद्ध कमिसरिएट रात्रीच्या एका तातडीच्या चालीत मागे राहिले. अमात्यांनी किल्ल्याबद्दल सांगितलेला पाण्याचा धडा कोरेगावच्या मातीच्या भिंतींआड तसाच लागू पडला. मग जे टिकले ते व्यवस्थेमुळे नव्हे, तर व्यवस्था संपल्यावरही उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. त्या शिपायांचे धैर्य सांगायचे तर शत्रूची संख्या वाढवण्याची गरज नाही. एक दिवस आणि एक रात्र, पाण्यावाचून, नदीच्या काठावर, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसऱ्या बाजूलाही हाच प्रश्न विचारायला हवा. २०,००० घोड्यांचा इंग्रजी अंदाज खरा धरू. घोड्यामागे रोज दोन शेर चंदी धरली तरी ४०,००० शेर, म्हणजे १,००० मण दाणा दररोज लागेल. बैलामागे तीन मण ओझे धरले तर रोज ३३३हून अधिक बैल केवळ चंदीसाठी हवेत. वैरण वेगळी, माणसांचा शिधा वेगळा. नोव्हेंबरात पुणे सोडल्यापासून ही फौज पळत होती, मागे जनरल स्मिथ होता. अशा फौजेच्या मागे साठा नसतो. ती ज्या गावाजवळून जाते त्या गावाच्या उभ्या पिकावर जगते. जानेवारीच्या सुरुवातीला या भागातली रब्बीची ज्वारी कणसावर येत असते. तळेगाव, शिक्रापूर, कोरेगाव इथल्या शेतकऱ्याला १ जानेवारीच्या लढाईची किंमत कशात मोजावी लागली असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. हलवर्णच्या पत्रात ज्या कुणब्याला मध्यभागी जागा होती, तो इथपर्यंत येता येता मजकुरातून गळून पडला आहे.

५. टीकेपुढचे काम

यातून एक वाङ्मयीन निरीक्षण हाती येते. मराठी युद्धगद्याच्या दोन परंपरा आहेत. एक कारकुनाची, दुसरी कथेकऱ्याची. पहिलीत क्रियापद विध्यर्थी, काळ पुढचा, आणि मुख्य पात्र घोडे किंवा कुणबी. दुसरीत काळ मागचा, क्रियापद भूतकाळी, आणि मुख्य पात्र सरदार. पहिली अनर्थ होण्याआधी लिहिली जाते, दुसरी झाल्यानंतर. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने दुसरीची भाषा आत्मसात केली आणि पहिलीचे शब्द फक्त सजावटीला घेतले. पखाल, चंदी, कही, बुणगे हे शब्द कादंबऱ्यांत काळाचा रंग भरण्यासाठी येतात. त्यांच्यामागचे माप येत नाही.

हे माप शोधण्याची सामग्री दूर नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतून ४५ खंड निवडून छापले, तेव्हा निवड राजकीय पत्रांकडे झुकणे स्वाभाविक होते. हिशेबाच्या कागदांकडे अर्थशास्त्राचे अभ्यासक वळतात. साहित्याच्या अभ्यासकाने का वळू नये? हलवर्णचे पत्र हेही अखेर वैरणीबद्दलचे खातेपत्रच होते. ते साहित्य आहे हे ठरायला दोन-अडीचशे वर्षे लागली.

आणि वळायचे तर एक साधा प्रश्न बरोबर न्यावा, प्रत्येक युद्धवर्णनाला विचारण्यासाठी : इथे पंचवीस घोड्यांमागचा पखालजी कोठे आहे? सभासदाच्या मजकुरात तो आहे, त्याची संख्या ठरलेली आहे. पानिपतच्या बखरीत तो रणधुमाळीत हरवतो. कोरेगावात तो असता तरी भीमेपर्यंत पोचू शकला नसता, आणि त्याचे न पोचणे हीच त्या दिवसाची गोष्ट आहे. ज्या मजकुरात हा प्रश्न विचारल्यावर काहीच हाती लागत नाही, त्याचा नायक कितीही तेजस्वी असो, त्या मजकुरातले लष्कर कागदावरून पुढे चालत नाही.